रेशनच्या मशीनवर ठसा उमटला नाही, तर माणूस खोटा कसा ठरतो?

गोदाकाठ

दिवाळीनंतर चार दिवस मराठवाड्यात गावी होतो. आत्याबरोबर रेशन आणायला गेलो. तिथं जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आत्याचं वय ७१. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, कार्डावर तिचं एकटीचंच नाव. सारा जन्म कापूस वेचण्यात, खुरपण्यात आणि राखेनं भांडी घासण्यात गेला. दुकानदारानं मशीन पुढं सरकवलं, तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. दुकानदार तसा भला माणूस. त्यानं काच पुसली, तिच्या हातावर पाणी घातलं, बोट स्वतः धरून दाबून पाहिलं. मागं रांग खोळंबलेली. मी तिचा हात हातात घेऊन बघितला तर अंगठ्यावर रेघा अशा उरलेल्याच नाहीत. कातडी गुळगुळीत, मधे उभ्या भेगा, आणि भेगांत कधीच न निघणारं मातीचं काळं. शेवटी तीच रांगेकडे बघून म्हणाली, "माझंच बोट खराब हाय बाबा, तुमचा येळ मोडला."

पाच किलो धान्यासाठी आणलेली पिशवी घडी करून तिनं काखेत धरली आणि आम्ही परत आलो. "तालुक्याला जाऊन आधार अपडेट करून घ्या," एवढंच दुकानदारानं सांगितलं. तालुका २२ किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा.

मी आधारच्या विरोधात नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी महिलेला दिलं गेलं, तेव्हा मला अभिमान वाटला होता. पण ओळख पटवायचं काम सरकारनं मशीनवर सोपवलं असेल, तर मशीन चुकल्याचा भुर्दंड सरकारनं सोसावा की आत्यानं? ज्या घरात पाच माणसं आहेत तिथं एकाचा ठसा नाही उमटला तर दुसऱ्याचा चालतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मात्र दुसरं बोटच नाही. आणि रेशनची गरज सगळ्यात जास्त कुणाला, तर अशाच माणसाला. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते सांगा.

जुना कारकून

आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण मशीन येण्याआधीचं पुरवठा खातं मी आतून पाहिलंय. दहा वर्षं तहसीलच्या पुरवठा शाखेत होतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

१ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये, केशरीला १ लाख, त्यावर पांढरं. कागदावर व्यवस्थित होतं. प्रत्यक्षात गावात उंबऱ्यांपेक्षा कार्डं जास्त. मेलेल्या माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं रॉकेल उचललेलं. लेक सासरी गेली तरी नाव माहेरच्या कार्डावर आणि सासरच्याही. दुकानात वाटपाचं रजिस्टर असायचं, त्यावर शाईचा अंगठा घ्यायचा. एकाच माणसाच्या अंगठ्यानं पानभर रजिस्टर भरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तपासणार कोण आणि कशावरून? आणि ज्याच्या नावावर माल उचलला त्याला दुकानात काय उत्तर मिळायचं, तर "या महिन्याचा माल आला नाही."

आज मशीनमधून पावती निघते. कुठल्या दुकानातून कुणाला किती दिलं हे ऑनलाइन बघता येतं. ही साधी गोष्ट नाही. मशीन काढा म्हणणाऱ्यांनी ते शाईचं रजिस्टर आठवावं.

खुरपं

कारकून काका, मशीन काढा असं धागाकर्त्यानं कुठं म्हटलंय?

आणि तुम्ही सांगितलेल्या चोरीत दोन प्रकार आहेत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी झारखंडच्या कामात हा फरक वारंवार मांडलाय. एक ओळखीची चोरी, म्हणजे मेलेल्याच्या किंवा दुसऱ्याच्या नावावर उचलणं. दुसरं मापात पाप. अंगठा पहिली चोरी धरतो, दुसरी धरत नाही. आमच्या गावात अंगठा बरोबर लागतो, पावती पाच किलोची निघते, आणि घरी आणून मोजलं की साडेचार भरतं. पावती मागितली तर "रोल संपलाय". मशीनच्या लेखी तो व्यवहार शंभर टक्के शुद्ध.

२०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीतच लिहिलेलं होतं की ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज आहेत. सरकारच्याच अहवालातले आकडे. ती पाहणी आल्यावर काही महिन्यांतच, २०१७ मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी गेली. घरच्यांनी सांगितलं की कार्ड आधारला न जोडल्यानं रद्द झालं होतं आणि घरात दाणा नव्हता. प्रशासनानं मलेरिया सांगितला. कारण काहीही असो, त्या घराचं कार्ड रद्द झालं होतं हे खरं.

शाळामास्तर

रेशनइतकं जीवघेणं नाही, पण शाळेतलं सांगतो. जिल्हा परिषद शाळेत १९ वर्षं आहे.

आमच्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, पटावरच्या आधार वैध मुलांवर ठरवायला लागले. मूल रोज वर्गात बसतंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय. पण पोर्टलवर नावापुढं 'मिसमॅच' आलं की मंजुरीच्या हिशोबात ते मूल नाही. आणि मिसमॅच कशामुळं? दाखल्यावर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेशवर'. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. मी शनिवार-रविवार मुलांना आणि पालकांना घेऊन आधार केंद्रावर बसलोय. तिथं आधी टोकन, मग रेंज, मग "जन्माचा दाखला ओरिजिनल आणा". त्यात पालकाची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

जन्मतारखेचा घोळ तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आमच्या गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जून. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का बघायचं आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकायचं. तीच तारीख दाखल्यावर. आधार काढताना ऑपरेटरनं अंदाजानं १ जानेवारी टाकली. आता निराधार योजनेला वय सिद्ध करायचं तर दोन कागद दोन तारखा सांगतात, आणि आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितलं की वयासाठी शाळेचा दाखला धरावा, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. पण हे खिडकीवरच्या माणसाला कोण सांगणार?

वाडीवरची ताई

मी रायगड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. इथं सगळे कार्डाचा त्रास लिहितायत, मला कार्ड नसण्याचा त्रास लिहायचाय.

आमची वाडी कातकऱ्यांची. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. बाळंतपण भट्टीवरच झालं तर जन्माची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत करायची इथपासून सुरुवात. नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून माझ्या रजिस्टरला ते बाळ नीट चढत नाही. आई म्हणते, "ताई, माझी पोर हाय ना समोर?" आहे. पण कागदावर नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची आदिवासींसाठीची जनमन योजना आली तेव्हा आमच्याकडे शिबिरं झाली, वाडीवर मशीन घेऊन माणसं आली. एका म्हाताऱ्या आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा आणि फोटोचा कागद मिळाला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या वाशाला बांधून ठेवलाय. भट्टीवर जाताना कमरेला. रस्त्यात कुणी अडवून "कुठला रे तू" विचारलं तर दाखवायला काहीतरी आहे, हे ज्याला कधीच कुणी अडवलं नाही त्याला कळणार नाही.

म्हणून कार्ड नको असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. पण मशीन वाडीवर आणा. माणसाला मशीनकडे पळवू नका.

आणि लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचं सांगते. २०२५ मध्ये नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी मागायला लागले. ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? जी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी राहते, तिनं त्याला फोन करून ओटीपी मागायचा का? बाया माझ्या दारात येऊन रडत होत्या. नंतर विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागद जमा करायची सोय केली. पण घटस्फोट न होता टाकून दिलेल्या बाया किती असतात, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. त्यानं तिथवर विचार केला नाही.

खटपट्या

ताई, तुमच्या प्रतिसादाला +१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

मी बायोमेट्रिकच्या कामात होतो म्हणून थोडं तांत्रिक. ठसा जुळला म्हणजे दोन चित्रं तंतोतंत सारखी आहेत असं नसतं. मशीन रेघांमधले फाटे आणि टोकं मोजतं, साठवलेल्या नमुन्याशी किती जुळतात त्याला गुण देतं, आणि गुण ठरवलेल्या रेषेच्या वर गेले की हिरवा दिवा. ती रेषा वर नेली की तोतये कमी शिरतात आणि खरी माणसं जास्त अडकतात. खाली आणली की उलटं. शून्य चूक अशी जागाच नाही. म्हणजे काही खरी माणसं परत जाणार हे यंत्रणा उभी करतानाच ठाऊक असतं. म्हातारपण, चुना, सिमेंट, विडीचं काम, शेती यांनी रेघा झिजतात, त्यामुळे परत जाणारा माणूस कोण असेल हेही ठाऊक असतं. गोदाकाठ यांचा मुद्दा इथंच येऊन भिडतो.

उपाय आहेत. नोंदणीत दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि चेहरा घेतलेला असतो, मग अंगठ्यावरच का अडायचं? बुबुळाचं स्कॅनर दुकानात असेल तर ते मागा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी तिथंही अडतं, तरी ठशापेक्षा बरं. रेशनच्या ई-केवायसीसाठी 'मेरा ई-केवायसी' ॲपमध्ये चेहऱ्यावरून होतं, गावातल्या कुणाच्याही स्मार्टफोनवर. पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावरून निघतो.

अवांतर: लॉजपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आधारची प्रत वाटत फिरू नका. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करता येतं, तेच द्या.

टेम्सकाठी

मी लंडनला असतो. इथं महायुद्धाच्या वेळी १९३९ मध्ये ओळखपत्र आलं. रेशनसाठी आणि लष्करभरतीसाठी म्हणून आणलेलं कार्ड युद्ध संपल्यावरही पोलीस रस्त्यात मागत राहिले. १९५० मध्ये एका गाडीवाल्यानं दाखवायला नकार दिला, खटला वरच्या न्यायालयात गेला. तो हरला, पण न्यायाधीशांनी पोलिसांच्या या सवयीवर कडक ताशेरे ओढले आणि १९५२ मध्ये कार्डं बंद झाली. २००६ मध्ये पुन्हा कायदा केला, २०१० मध्ये नव्या सरकारनं रद्द केला.

पण एकच कार्ड नाही म्हणून सगळं सुखाचं आहे असं समजू नका. इथं नवीन आलेली आपली मुलं बघतो. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचे कागद मागतो, आणि पोरगं महिनाभर मित्राच्या सोफ्यावर झोपतं.

कोयता

बीड. आमच्याकडचा प्रश्न वेगळा. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे, कर्नाटकात. घरी आजी आणि दोन नातवंडं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळं आता तिकडंही अंगठा लावून धान्य घेता येतं, आपापल्या वाट्याचं तिकडं आणि बाकीचं गावी असं वाटून उचलायची सोय आहे. नियम चांगला आहे. पण फडावरून दुकान लांब, मुकादम सोडत नाही, आणि गेलंच तर दुकानदार म्हणतो "बाहेरच्यांचा कोटा नाही." मग सगळा भार गावातल्या आजीच्या अंगठ्यावर. तो नाही लागला की फोन येतो, आणि माझी आई उसाच्या फडात उभी राहून रडते.

जुना कारकून

सगळं वाचलं. खुरपं, तुमचा मापाचा मुद्दा मान्य. दक्षता समिती जिवंत असेल तर काटा तपासला जातो, नाहीतर मशीन काय करणार.

आता गोदाकाठ, आत्याबाईंसाठी काय करायचं ते सांगतो. "मशीन घेत नाही" हे उत्तर नियमात बसत नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय. आधार नाही म्हणून कुणाचं नाव काढायचं नाही, आणि नेटवर्क किंवा ठशामुळं ओळख पटली नाही तर रेशनकार्ड आणि आधार कार्ड बघून धान्य द्यायचं, त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. त्याला अपवाद नोंदवही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातही, चार विरुद्ध एक असा तो निकाल लागला, ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गानं ओळख पटवू द्यायची हे धरलेलं आहे.

अडचण अशी की दुकानदार घाबरतो. मशीनबाहेर दिलेल्या धान्याचा हिशोब तपासणीत त्याच्या अंगावर येतो. आम्हीच आणला आहे, खोटं कशाला बोलू. तपासणीला गेलो की मशीनचा साठा आणि गोदामातला साठा जुळला पाहिजे, एवढंच आम्ही बघायचो. वही कुणी मागितली नाही. मीही नाही. म्हणून दुकानदारांनी ती ठेवली नाही. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही.

तर तोंडी भांडू नका, लेखी द्या. अर्ज तहसीलदारांच्या नावे, त्यात तारीख, दुकान क्रमांक, किती वेळा ठसा घेतला, रिकाम्या हातानं परत पाठवलं हे लिहा. आवक-जावकला देऊन पोच घ्या, शिक्का आणि क्रमांक असलेली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, या दोन्हीचा उल्लेख अर्जात करा. १९६७ या रेशनच्या हेल्पलाइन नंबरवरही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक अर्जावर घाला.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

काकांनी सांगितलं तसा अर्ज केला. तालुक्याच्या कार्यालयात पहिल्या टेबलावर "असं काही पत्र नाही" म्हणून परत द्यायला लागले. आत्या म्हणाली चल, कशाला साहेबांना त्रास. मी काकांच्या प्रतिसादातला परिच्छेद मोबाइलवर उघडून समोर धरला आणि पोच दिल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. अर्ध्या तासानं आतून एक बाई आल्या, अर्ज वाचला, शिक्का मारला आणि दुकानदाराला आमच्यासमोर फोन केला. त्यांनी आत्याला बसायला खुर्ची दिली. आत्याला धान्यापेक्षा त्याचं जास्त कौतुक.

परत जाताना मी दोनशे पानी वही घेतली आणि दुकानदाराला दिली. त्यानं रकाने आखले: तारीख, कार्ड क्रमांक, नाव, कारण, धान्य, सही. पहिली नोंद आत्याची. सहीच्या रकान्यात तिनं विचारलं, "इथं पुन्हा आंगठाच का?" दुकानदार म्हणाला, "आत्याबाई, हा शाईचा आहे, हा उमटतो." दोन्ही महिन्यांचं धान्य एकदम मिळालं. गावातल्या पोरानं चेहऱ्यावरून ई-केवायसीही करून दिली, अंगणात उन्हात उभं करून, तिसऱ्या प्रयत्नाला झाली.

काल दुकानदाराला फोन केला तर वहीत सात नावं झालीत. एक गवंडी, दोन विडीवाल्या, बाकी सगळ्या एकट्या म्हाताऱ्या. ही माणसं इतके महिने काय करत होती, असं विचारलं तर तो म्हणाला, एकदा परत गेली की पुन्हा येतच नव्हती.

पुढच्या महिन्यात गावात दक्षता समितीची बैठक आहे. ही वही तिथं मांडायचीय. काका, काय मागायचं?

जुना कारकून

तीन गोष्टी मागा. वहीच्या प्रत्येक पानावर दर महिन्याला समितीच्या दोन सदस्यांच्या सह्या, म्हणजे दुकानदार एकटा पडत नाही. त्या सात जणांच्या घरी जाऊन ई-केवायसी करायची तारीख, इतिवृत्तात लिहून. आणि दुकानाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत: "ठसा उमटला नाही तरी धान्य मिळेल." बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून घ्या, मागाहून लिहू देऊ नका. जमलं तर मीही येईन. गाव कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवा.